हिमॉन्कसचं जनुक सी. एलेगन्समध्ये तपासायचंय, जमेल का?

कळवा_लोकल: एमएस्सीचं शेवटचं वर्ष, कॉलेज ठाण्यात. शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा हिमॉन्कस जंत अल्बेंडाझोलला (जंताच्या औषधाला) दाद का देत नाही, ते जनुकाच्या अंगाने बघायचंय. मटणवाल्याकडून वझडी आणली, जंत मिळाले, पण संध्याकाळपर्यंत सगळे गार. सर म्हणतात, सी. एलेगन्स घे. मातीतल्या जंतावरून शेळीतल्याचं काय कळणार? हातात सहा महिने.

ऐरोलीकर: अरे, दोघे गोलकृमींच्या एकाच मोठ्या शाखेतले. सी. एलेगन्स मिलिमीटरभर, ई. कोलाय जिवाणूंवर जगतो, साडेतीन दिवसांत नवी पिढी. हिमॉन्कसला पिढी वाढवायला शेळी लागते आणि आरएनएआय (जनुक गप्प करायची पद्धत) त्याच्यात मोजक्याच जनुकांवर चालतं. तुझं काम तर 1995 मध्येच झालंय: बेन-1, म्हणजे बीटा-ट्युब्युलिन प्रथिनाचं एक जनुक, बिघडलेल्या सी. एलेगन्सवर या गटातलं औषध चालत नाही. त्यात हिमॉन्कसचं बीटा-ट्युब्युलिनचं जनुक घातलं, तर पुन्हा चालायला लागलं. प्रथिनात 200 व्या जागी फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन असलेलं घातलं, तर नाही.

कळवा_लोकल: म्हणजे जंतात डीएनए टोचायचं मायक्रोइंजेक्शन शिकावं लागणार?

नेरूळची_ताई: बाळा, नको. सहा महिन्यांत हात बसत नाही. बेन-1 म्युटंट (ते जनुक बिघडलेला) आणि साधा एन2 (न बिघडलेला सी. एलेगन्स) अल्बेंडाझोलच्या प्लेटवर ठेव. साधा अडखळतो, म्युटंट नागमोडी पळतो, डोळ्यांनी दिसतं. जंत मुंबईच्या टीआयएफआर संशोधन संस्थेतल्या सी. एलेगन्सवाल्यांकडे मागून बघ, परदेशातून मागवलेस तर कागदपत्रांतच सेमिस्टर जाईल. आणि इन्क्युबेटर 20 अंशांना. आमच्याकडे मे महिन्यात रात्रभर लाइट गेली, तापमान 30 वर, पिल्लंच होईनात. पावसाळ्यात प्लेटांना पॅराफिल्म (ताणून लावायची मेणासारखी पट्टी) लाव, नाहीतर बुरशीवर प्रबंध लिहावा लागेल.

ऐरोलीकर: ताईंना अनुमोदन. एक मात्र लक्षात ठेव: रक्त पचवणं, शेळीच्या पोटात तग धरणं, असलं काही विचारायचं असेल तर सी. एलेगन्स गप्प बसतो. जनुक दोघांत असेल तरच मजा. आधी वर्मबेस पॅरासाइट या जंतांच्या जनुकांच्या वेबसाइटवर जोडी जुळते का बघ. सी. एलेगन्समध्ये बीटा-ट्युब्युलिनची सहा जनुकं आहेत, चुकीचं धरू नकोस.

नेरूळची_ताई: आणि ते मेलेले जंत फेकलेस का रे?

कळवा_लोकल: नाही, फ्रीजमध्ये डबीत आहेत. आई ओरडतेय.

नेरूळची_ताई: आजच अल्कोहोलमध्ये टाक. डीएनए काढून बीटा-ट्युब्युलिनच्या 167, 198, 200 या तीन जागा वाचून घे. वझडी फुकट नाही गेली.