हेलो ३ मधल्या गाड्या : कोणती कधी घ्यावी, कोणती कुठे मार खाते?

धुरंधर०७

हेलो ३ हा शूटर गेम, मास्टर चीफ कलेक्शन या संग्रहातला, पीसीवर. मोहीम (कथेचा भाग) लीजेंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर चालू आहे आणि ऑनलाइनला बिग टीम बॅटल, म्हणजे ८ विरुद्ध ८. दोन्हीकडे गाड्यांचं गणित नीट बसत नाही. कोणती बंदूक किती मारते याचे तक्ते नकोत, ते कुठेही सापडतात.

वॉर्टहॉग (तीन सीटची जीप), घोस्ट आणि चॉपर (एका सीटच्या), बॅन्शी (उडणारी), रेथ आणि स्कॉर्पियन (रणगाडे) यांपैकी कोणती नेमकी कशासाठी वापरायची? कोणत्या बाजूने उघडी पडते? आणि कधी सोडून उतरावं? प्लाझ्मा पिस्तूल आणि स्पार्टन लेझर यांच्यापासून वाचण्याची काही रीत आहे का? सोबत बहुतेक वेळा एकच मित्र असतो, तेव्हा तीन सीटची गाडी दोघांत कशी चालवावी तेही सांगा.

गनरसीट

वॉर्टहॉगपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारी गाडी तीच.

वॉर्टहॉगमध्ये मारायचं काम गनरचं. ड्रायव्हरचं काम एकच, गनरला सतत आणि स्थिर नेम मिळवून देणं. बरेच ड्रायव्हर माणूस दिसला की त्याला चिरडायला सरळ त्याच्या अंगावर जातात. तिथेच घात होतो. सरळ येणाऱ्या गाडीवर ग्रेनेड टाकणं सोपं, समोरचा बाजूला उडी मारून हायजॅक करू शकतो, आणि गाडी उसळत असल्याने गनरच्या गोळ्या आभाळात जातात.

त्याऐवजी शत्रूभोवती मध्यम अंतरावर मोठं वर्तुळ मारा. ग्रेनेड पोचणार नाही इतकं दूर, पण मागच्या चेनगनच्या गोळ्या विखरून वाया जाणार नाहीत इतकं जवळ. जमीन सपाट निवडा. चेनगन पूर्ण ३६० अंश फिरते, त्यामुळे गाडीचं तोंड कुठे आहे याची गनरला फिकीर नसते, फक्त गाडी हिंदकळायला नको. ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून शक्यतो शत्रू उजव्या हाताला राहील असं वर्तुळ घ्या. रिकाम्या सीटची बाजू त्याच्याकडे राहते आणि ड्रायव्हरला थेट गोळ्या कमी लागतात. हायजॅकचंही तसंच: डावीकडून चढणारा ड्रायव्हरला खेचतो, उजवीकडून चढणारा बाजूच्या सीटवरच्याला, मागून चढणारा गनरला.

गनरची पाठ पूर्ण उघडी असते. म्हणून दोन शत्रूंच्या मधून कधीच जाऊ नका. सगळे एका बाजूला राहतील असा रस्ता घ्या, फेरी लांबली तरी चालेल.

दोघांच्या टीममध्ये एक ड्रायव्हर, एक गनर. बाजूची सीट रिकामी राहू द्या. गनर मेला की ड्रायव्हरने लगेच पळ काढायचा, टेकाडाच्या किंवा भिंतीच्या आड जाऊन मित्र स्पॉन होईपर्यंत (पुन्हा जिवंत होऊन येईपर्यंत) थांबायचं. एकट्याने वॉर्टहॉग फिरवणं म्हणजे शत्रूला फुकटची गाडी देणं.

गॉस वॉर्टहॉगची (चेनगनऐवजी गॉस तोफ असलेली) रीत वेगळी. पायी माणसाला एक गोळी पुरते, पण दोन गोळ्यांमध्ये थोडा वेळ जातो. तिला वर्तुळ नको. आडोशाच्या कडेला थांबायचं, दोन-तीन गोळ्या, पुन्हा आड, जागा बदलायची. चेनगनवाल्यासारखी उघड्यावर फिरवली की ती फुकट जाते.

हँडब्रेकबद्दलही सांगतो. वेगात वळण घ्यायचं असेल तर तो क्षणभरच दाबा आणि सोडा. दाबून धरला की गाडी गर्रकन फिरते, वेग शून्यावर येतो, आणि थांबलेली वॉर्टहॉग मारायला वेळ लागत नाही.

निळी_बॅटरी

वॉर्टहॉगचं वर पटलं. मी एका सीटच्या गाड्यांचं लिहिते.

घोस्टचा खरा फायदा म्हणजे ती आडवी सरकते. वॉर्टहॉगला हे जमत नाही. शत्रूकडे तोंड ठेवून डावी-उजवीकडे सरकत प्लाझ्मा मारत राहायचं. समोरून गाडीचं नाक तुम्हाला बऱ्यापैकी झाकतं, बाजूने आणि मागून काहीच झाकत नाही. डाव्या बाजूला इंधनाची टाकी आहे. ज्याला ठाऊक आहे तो तिथेच मारतो आणि गाडी वेळेआधी फुटते. सरकताना डावी बाजू दाखवू नका. बुस्ट चालू असताना गोळी झाडता येत नाही, म्हणून बुस्ट फक्त दोन कामांसाठी: चिरडायला किंवा पळायला. अर्धवट अंतरावरून बुस्ट मारून माणूस चुकला तर तुम्ही त्याच्याकडे पाठ करून थांबलेले असता. त्यापुढे काय होतं ते माहीतच आहे.

चॉपर पुढून राक्षस. पुढचं चाक ढालीसारखं काम करतं आणि बुस्ट मारून धडक दिली तर घोस्ट, मंगूस (दोन सीटची छोटी गाडी), वॉर्टहॉग असल्या हलक्या गाड्या जागच्या जागी फुटतात. पण धडक पुढच्या चाकानेच बसायला हवी. बुस्टमध्ये वळणं जवळपास अशक्य, म्हणून आधी नेम धरून मगच बुस्ट. हुकलात तर वळायला लांबलचक फेरा लागतो आणि तेवढा वेळ पाठ उघडी. तोफांचे गोळे मंद आहेत, त्यामुळे लांबच्या पळत्या माणसावर ते वाया जातात. गाड्यांवर मात्र छान बसतात. समोर चॉपर आली तर तिच्या नाकासमोरून आडवं निसटा, सरळ मागे पळू नका.

बॅन्शी हातात आली की बहुतेक जण मॅपच्या मधोमध खाली घिरट्या घालतात. ती तिची जागाच नाही. उंचावरून सूर मारायचा, खाली येताना फ्युएल रॉडचा (तिच्या स्फोटक तोफेचा) एक गोळा टाकायचा आणि बुस्ट मारून आडोशामागे निघून जायचं. परत येताना दिशा बदलायची. गोळा हळू जातो, म्हणून तो थांबलेल्या गाडीवर किंवा अरुंद वाटेवर टाका, धावत्या माणसावर नको. कोलांटी मिसाइल पॉडपासून वाचायला आहे. क्षेपणास्त्र अगदी जवळ आल्यावर ती घ्या, लांबून घेतली तर ते पुन्हा वळून येतं. आणि फार खाली उडाल तर कोणीतरी उडी मारून तुम्हाला बाहेर फेकतो.

मंगूसला स्वतःची बंदूक नाही, पण मागे बसलेला आपलं हत्यार वापरू शकतो. झेंडा पळवायला याहून वेगवान काही नाही. झेंडा ज्याच्या हातात आहे त्याला चालवता येत नाही, मागे बसावं लागतं, म्हणजे ड्रायव्हर आधीच तयार उभा हवा.

चिलखतफोड

जड गाड्या आणि त्यांचे कर्दनकाळ, दोन्ही एकत्र सांगतो. एक समजलं की दुसरं आपोआप कळतं.

स्कॉर्पियन लांबून अजिंक्य, जवळून लंगडी. तोफ फार खाली झुकत नाही, वेग कमी, आणि एखादा माणूस पट्ट्याला चिकटला की तुम्हाला तो दिसतही नाही. हेलो ३ मध्ये मशीनगन वेगळ्या गनरकडे आहे. हेलो २ मध्ये ड्रायव्हरकडेच दोन्ही होतं, त्या सवयीने इथे एकटे जाऊ नका. दोघे असाल तर टँकच्या गनरचं काम एकच: जवळ येणाऱ्याला चढू न देणं. लांबची शिकार ड्रायव्हर बघेल. भिंतीला पाठ लावून उभे राहा, म्हणजे मागून कोणी येत नाही.

रेथचा गोळा कमानीत जातो आणि येताना दिसतो. उघड्यावरचा माणूस तो सहज चुकवतो. पण दारं, पूल, बोगद्याची तोंडं, झेंड्याची जागा, जिथे माणूस हलू शकत नाही तिथे रेथसारखं काही नाही. शिवाय स्कॉर्पियनला न जमणारं एक काम ती करते: टेकाडामागे लपून पलीकडे मारा. समोरचा अगदी जवळ आला तर गोळा डोक्यावरून जातो, तेव्हा पुढच्या प्लाझ्मा गनरवर किंवा बुस्टच्या धडकेवर भिस्त ठेवा. मागची बाजू कच्ची आहे. नाक कायम शत्रूकडे ठेवा आणि माघार घ्यायची तर उलट्या गिअरने घ्या.

दोन्हींवर चढण्याची पद्धत एकच. जवळ जाऊन कळ धरून ठेवायची, वर चढलात की ग्रेनेडची कळ दाबायची. ग्रेनेड आत सोडून तुम्ही आपोआप उडी मारता. पण समोरून पळत जाऊ नका. रेथवर गनर असेल तर आधी त्याला बॅटल रायफलने उडवा, मग चढा.

आता प्लाझ्मा पिस्तूल. भरून सोडलेला गोळा वळतो आणि लागला की गाडी काही क्षण बंद पडते. तेवढ्या वेळात कोणीतरी चढतो किंवा ग्रेनेड चिकटवतो. बॅन्शी तर आभाळातून खाली येते. उपाय गोळा यायच्या आधीचा आहे: हिरवा उजेड भरताना दिसला की गाडी खांबाआड किंवा दगडाआड घाला, गोळा वळतो पण भिंत ओलांडत नाही. लागलाच तर एकट्याच्या गाडीत चिकटून बसू नका. समोरचा अजून लांब असेल तर थांबा, जवळ असेल तर उतरून लढा.

लेझर भरायला तीनेक सेकंद लागतात आणि तोवर नेमाची लाल रेघ दिसते. रेघ अंगावर आली की वेग वाढवून उपयोग नाही, आडोसा हवा किंवा शेवटच्या क्षणी दिशा बदल. पूर्ण बॅटरीत पाच वार. शत्रूचे चार गेले की पाचवा कोणावर ठेवलाय हे लक्षात असू द्या. वल्हालासारख्या मॅपवर तर आपल्या गाडीचं भवितव्य मधल्या भागातला लेझर कोणी उचलला यावर ठरतं. सुरुवातीला मंगूसवर दोघांनी जाऊन तो आधी उचलणं हीच गाड्यांची सगळ्यात मोठी सेवा.

धुरंधर०७

हे अगदी हवं होतं. आता मोहिमेचं सांगा. लीजेंडरीवर सोबतचे मरीन (संगणक चालवतो ते आपले सैनिक) गाडीत घ्यावेत की नको? आणि ‘द कव्हेनंट’ या टप्प्यातल्या दोन स्कॅरॅबसाठी (पायांवर चालणारी प्रचंड युद्धयंत्रं) कोणती गाडी? आणि हेलो इन्फिनिट या नंतरच्या गेममध्ये यातलं किती लागू पडतं?

गनरसीट

मरीन घ्याच, पण रिकाम्या हाताने नाही. मरीनजवळ उभं राहून कळ धरली की तुमचं हत्यार त्याच्याशी बदलता येतं, आणि त्याच्या गोळ्या कधी संपत नाहीत. रॉकेट लाँचर, लेझर किंवा ग्रंट या शत्रूने टाकलेली फ्युएल रॉड गन, यातलं काहीही त्याला द्या आणि वॉर्टहॉगच्या बाजूच्या सीटवर बसवा. मागे चेनगनवर दुसरा मरीन. मग तुम्ही फक्त गाडी चालवायची. ‘त्सावो हायवे’ या टप्प्यात चॉपर आणि रेथ येतात तिथे हा फरक लगेच दिसतो.

धोका एकच. रॉकेटवाल्या मरीनला अंतराचं भान नसतं. शत्रू बंपरजवळ असला तरी तो झाडतो आणि स्फोटात तुम्हीही जाता. म्हणून त्याला घेऊन कधीही शत्रूला चिकटू नका. अंतर ठेवलंत तर तो तुमचं निम्मं काम करतो. आणि स्वतः गनर होऊन मरीनला स्टिअरिंग देऊ नका, तो उघड्यावर गाडी थांबवतो.

चिलखतफोड

स्कॅरॅबसाठी हॉर्नेट हे उडणारं वाहन. पायी किंवा जमिनीवरच्या गाडीतून गेलात तर आधी पायांचे सांधे फोडावे लागतात, ती गुडघ्यावर बसते, मग वर चढून आतले ब्रूट आणि ग्रंट मारत मागच्या गाभ्यापर्यंत जायचं. हॉर्नेट घेऊन सरळ मागे जाता येतं. मागचं आवरण फोडा, आतला उजळलेला गाभा दिसला की सगळा मारा तिथेच. मात्र पुढच्या मोठ्या तोफेसमोर जाऊ नका, आणि घाई करून आजूबाजूच्या बॅन्शी सोडून देऊ नका, आधी त्या पाडा. आपली हॉर्नेट बहुतेक वेळा त्या बॅन्शींमुळेच पडते, स्कॅरॅबमुळे नाही. गाभा फुटला की लगेच लांब व्हा, स्फोट मोठा असतो.

निळी_बॅटरी

इन्फिनिटचं थोडक्यात. तिथे प्लाझ्मा पिस्तुलाने गाडी बंद पडत नाही. ते काम विजेच्या हत्यारांकडे गेलंय: डिसरप्टर, शॉक रायफल आणि डायनॅमो ग्रेनेड. ग्रॅपलशॉटने लांबूनच गाडीला दोर अडकवून चढता येतं, म्हणून ‘जवळ कोणी नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. रिपल्सरने रॉकेटही परत फिरतं आणि अंगावर आलेली गाडीही ढकलली जाते. त्यामुळे तिथे चिरडायचा मोह हेलो ३ पेक्षा महागात पडतो.

वॉर्टहॉगचं चाक तुटून पडू शकतं, मग ती एका बाजूला ओढत राहते. वर सांगितलेलं वर्तुळ तेव्हा जमत नाही, सरळ आडोशाला न्या. गाडी पेटली की थोड्याच वेळात फुटते, तेव्हा लगेच उतरा. एकाने आधी उडी मारायची, ड्रायव्हरने गाडीचं तोंड शत्रूकडे करून मग. आणि बिग टीम बॅटल तिथे १२ विरुद्ध १२ आहे, म्हणजे गाडीवर रोखलेल्या बंदुका जास्त. झेंड्यासाठी मंगूस, आणि रेझरबॅक (वॉर्टहॉगसारखी सामान नेणारी गाडी) मिळाली तर तिच्या मागच्या कप्प्यात जास्तीची हत्यारं किंवा पॉवर सीड (आपल्या तळावर पोचवायच्या वस्तू) टाकून न्या.

धुरंधर०७

रेझरबॅकवर गनरची सीट नाही ना? मग वाटेत तिला राखायचं कोणी?

निळी_बॅटरी

बसवलेली बंदूक नाही, पण बसलेले सगळे आपापली हत्यारं वापरू शकतात. दोघेच असाल तर मित्राच्या हातात शॉक रायफल किंवा डिसरप्टर द्या. मागे लागलेली घोस्ट तेवढ्याने थांबते आणि तुम्ही पुढे निघून जाता. लढत बसू नका, सीड पोचवा.