कोर्टाच्या प्रसंगात काळा विनोद आणायचा कसा?

गोदाकाठ: नाशिकमध्ये एकांकिका बसवतोय. मोबाइल चोरीचा खटला आणि दोन वर्षं आतच असलेला कच्चा कैदी. विनोद ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. कुठे चुकतंय?

काळा कोट: आधी कथानक दुरुस्त करा. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 479 प्रमाणे पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका, म्हणजे वर्षभरात. एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे त्याच्यावर दुसरी केस दाखवा.

विनोद जबाब नोंदवण्यात आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं कागदी वाक्य करून स्टेनोला सांगतात. वकील विचारतो, "अंधार होता ना?" साक्षीदार म्हणतो, "होता, पण खांबावर दिवा होता साहेब." नोंद होते: "त्या वेळी अंधार होता हे म्हणणे खरे आहे. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, खांबावर दिवा होता." उलटतपासाचा शेवट ठरलेला: "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." टायपिंगसाठी तीन-चार सेकंद थांबा आणि तेवढा वेळ साक्षीदाराला स्वतःचंच वाक्य अनोळखी असल्यासारखं ऐकू द्या. स्टेनो हसला की प्रसंग संपला.

विंगेतून: हातोडा, गीता, ज्युरी तिन्ही काढा. शपथ "ईश्वरसाक्ष" किंवा "गांभीर्यपूर्वक". तालुका-जिल्हा कोर्टात "मिलॉर्ड" नको, "सर" किंवा "मॅडम" पुरे. 'कोर्ट' (2014) हा सिनेमा पुन्हा पाहा: बाई बिनबाह्यांच्या कपड्यांत आली म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकत नाहीत, आणि तेही अगदी सपाट आवाजात. तिथे कुणी खलनायक नाही, म्हणूनच अंगावर येतं. तालमीआधी सगळ्या नटांना सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयात दिवसभर बसवा. सुनावणी खुली असते, फक्त मोबाइल बंद ठेवा आणि रेकॉर्डिंग करू नका.

गोदाकाठ: दुसरी केस घातली. तारीख त्याच दिवशी, वरच्या मजल्यावर. पुकारा दोन्हीकडे एकदम होतो.

काळा कोट: मग आरोपी एकीकडे "गैरहजर" म्हणून रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, जाईल. गार्डच्या हातातली दोरी मात्र प्रेक्षकांना दिसत राहू द्या. वकिलाच्या ज्युनिअरला एकच वाक्य द्या: "सीनियर वरच्या कोर्टात आहेत, मॅटर थोडा वेळ बाजूला ठेवावं."