नागरिकशास्त्र पाठ होते, पण अंगवळणी पडत नाही, काय करावे?

प्रश्न: माध्यमिक शिक्षिका, करवीर तालुका

मी गेली अकरा वर्षे एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधान, आठवीला संसद अशा क्रमाने मुले दहावीपर्यंत पोहोचतात आणि ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीवर टीप लिहा म्हटले की घोकलेली टीप बिनचूक लिहून देतात. मागच्या महिन्यात शाळेसमोरची पाइपलाइन फुटून आठवडाभर पाणी वाहत होते. तक्रार कोणाकडे करायची, असे मी दहावीच्या वर्गाला विचारले, तेव्हा एकाने ‘आमदारसाहेबांकडे’ आणि दुसऱ्याने ‘व्हॉट्सॲपवर टाकायची’ असे उत्तर दिले. ग्रामपंचायतीचे नाव एकाच्याही तोंडून आले नाही, आणि तिचे कार्यालय आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसते! चालू वादाचा एखादा विषय काढावा, तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांसमोर हजर असतात. अशा स्थितीत हा विषय शिकवावा तरी कसा?

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापक, गारगोटी

बाई, वाद टाळू नका; फक्त तो जुना आणि आपल्या मातीतला निवडा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, एवढे वाक्य प्रत्येक मुलाला येते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता, हे मात्र मी वर्गात सांगत असे आणि तिथेच थांबत असे. ज्या घरात मुलाच्या गुरे राखण्यावर चूल पेटते, त्या घराला सरकारने दंड करावा का, या एका प्रश्नावर माझी पूर्ण तासिका जात असे आणि एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुले उभी राहून बोलत. त्यानंतर संविधान उघडायचे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१अ आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने पालकांवर मूलभूत कर्तव्यही घातले, पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकाला दंड नाही, जबाबदारी शासनाची आहे. संस्थानाने एक वाट धरली, प्रजासत्ताकाने दुसरी. का, ते मुलांनाच शोधू द्या. आजच्या कोणत्याही पक्षाचे नाव न घेता हा तास होतो, त्यामुळे तक्रार घेऊन यायला कोणाला जागाच राहत नाही.

उत्तर २: पालक, राजारामपुरी

मी शिक्षक नाही, दुकानदार आहे. तरी एक अनुभव सांगतो. माझ्या मुलीला गणिताच्या सरावासाठी मी घरफाळ्याचे बिल वाचायला दिले. महापालिकेच्या बिलात राज्य सरकारचा शिक्षण कर कसा आला, असे तिने विचारले. मग तिला दुकानाचे बिल दाखवले, तर त्यात रोजगार हमी कर जास्तीचा निघाला, कारण तो निवासी घरांना लागत नाही. दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीसाठी शहरातला दुकानदार पैसे देतो, हे तिला त्या कागदावरून समजले. मला स्वतःला ते वयाच्या चाळिशीत समजले. तुमच्या मुलांना ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणायला सांगा. तिच्यावर दिवाबत्ती कर दिसेल, आणि मग गल्लीतला बंद दिवा कोणाचा, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

उत्तर ३: माजी सरपंच, शिरोळ तालुका

वरच्या दोन्ही सूचना पटल्या. शाळांमधल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकांविषयी मात्र माझे मत कडू आहे. मतपेटी, शाई, घोषणा सगळे होते, आणि निवडून आलेल्या मुलाला खडू आणण्यापलीकडे अधिकार नसतो. त्यातून मुले एवढेच शिकतात की मत दिले की आपले काम संपले. त्यापेक्षा वर्गाला पाचशे रुपये द्या आणि ते कशावर खर्च करायचे, हे ठरावाने ठरवू द्या. ठराव, अनुमोदन, विरोधी मताची नोंद आणि पुढच्या बैठकीत हिशेब, हे सारे त्यात आपोआप येते. ग्रामसभेलाही मुलांना जरूर न्या. मतदार यादीत नाव नसल्याने त्यांना मत देता येणार नाही, पण बसून ऐकता येईल. आमच्या एका सभेत आठवीतल्या मुलीने बाहेर पडताना विचारले होते, “मागच्या सभेतल्या ठरावाचं काय झालं, हे कोणीच का विचारलं नाही?” मी तेव्हा सरपंच होतो, उत्तर देताना माझी चांगलीच त्रेधा उडाली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी मुलांना घरपट्टीच्या पावत्या आणायला सांगितले आहे. एक रुपया दंडाचा तास त्यानंतर घेईन. पाचशे रुपयांसाठी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला आहे, ते म्हणाले, “आधी तीनशे घ्या, हिशेब बघू.” पाइपलाइनच्या तक्रारीचा अर्ज मुलांनीच लिहून ग्रामपंचायतीत दिला आणि पोच घेतली. अर्जात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या मी मुद्दाम तशाच राहू दिल्या.