12 दिवसांत 8 देश : कुटुंबासह युरोप सहलीचा हा बेत कितपत जमणारा आहे?

(सोलापूरकरांची चर्चा; लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या भागांवरून)

चाटी गल्ली (प्रश्न)

नमस्कार. येत्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण युरोपला जाण्याचे ठरवत आहोत. आम्ही दोघे, 13 वर्षांची मुलगी, 8 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती चालते, पायऱ्या मात्र नको म्हणते. कापडाचे दुकान असल्याने लग्नसराई ओसरल्याशिवाय निघता येत नाही आणि जूनच्या मध्याला मुलांच्या शाळा उघडतात, त्यामुळे 20 मे ते 5 जून एवढीच मोकळीक आहे. एका प्रवास कंपनीने 12 दिवसांचा कार्यक्रम दिला आहे, त्यात लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, स्वित्झर्लंड, इन्सब्रुक, व्हेनिस आणि रोम एवढे सगळे बसवले आहे. हे खरोखर जमते का, की स्वतःच आखणी करून थोडे देश घ्यावेत? मुलीला ट्यूलिपच्या बागा पाहायच्याच आहेत.

रेल्वे लाईन्स

ट्यूलिपचे आधी सांगतो, कारण ते एका वाक्यात मिटते. अ‍ॅमस्टरडॅमजवळची क्युकेनहॉफची बाग दर वर्षी मेच्या मध्यास बंद होते, त्यामुळे 20 मे नंतर तिच्यासाठी नेदरलँड्सला जाण्यात अर्थ नाही. लंडनसाठी वेगळा व्हिसा, वेगळे शुल्क आणि वेगळी कागदपत्रे लागतात, कारण ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, नाही. ही दोन टोके कापली की नकाशा आपोआप सुटसुटीत होतो.

उरलेल्या बेतात देश मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला वेगवान गाडी साधारण तीन तासांत पोहोचते आणि तिथून ल्युसर्न तासाभरावर आहे. कागदावर हा अर्धा दिवस दिसतो. प्रत्यक्षात सकाळी पाच जणांच्या बॅगा भरायच्या, अकराच्या आत खोली सोडायची, स्थानकावर फलाटाचा क्रमांक लागेपर्यंत फलकाकडे पाहत उभे राहायचे (तो अनेकदा गाडी सुटण्याच्या वीसेक मिनिटे आधीच झळकतो), मग दुसऱ्या गावी दुपारी तीनपर्यंत खोली मिळण्याची वाट पाहायची, यात तो दिवस संपलेला असतो. असे बदल सहलीत तीनपेक्षा जास्त नसावेत, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून पॅरिसमध्ये उतरून रोमहून परतीचे विमान पकडावे. विमानाची तिकिटे जाण्याची एका शहराची आणि येण्याची दुसऱ्या शहराची अशी एकत्र काढता येतात, आणि पॅरिसला उलट फिरण्याचा एक दिवस वाचतो. पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस, रोम हा क्रम रेल्वेने सरळ लागतो. ल्युसर्नहून मिलानकडे जाणारी गाडी 57 किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. मुलांना तेवढे सांगून ठेवा, बोगदा संपेपर्यंत ती खिडकी सोडणार नाहीत. मिलानला गाडी बदलून व्हेनिस अडीच तासांच्या आत येते.

तिकिटांच्या बाबतीत वार सांभाळावेत. लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असतात. लुव्रमध्ये 18 वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटे 60 दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात लवकर संपतात, त्यामुळे ती तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.

होटगी रोड

वरील सल्ला हिंडण्याची सवय असलेल्यांसाठी उत्तम आहे. पण आम्ही उभयतांनी निवृत्तीनंतर गटाबरोबरच युरोप पाहिला आणि त्यात काही कमी पडले असे वाटत नाही. सोबत मराठी बोलणारा माणूस असतो, रात्री वरण-भात मिळतो, बॅगा बसच्या पोटात जातात. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला हे लहान सुख नव्हे.

मात्र कार्यक्रमपत्रिका वाचण्याची एक रीत आहे. ‘दर्शन’ किंवा ‘छायाचित्रासाठी थांबा’ असे जिथे लिहिले असेल, तिथे आत प्रवेश नाही असे समजावे. युरोपात बसचालकाने दिवसाला साधारणपणे 9 तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यायची, असा कायदा आहे. तेव्हा आठ देशांच्या सहलीत कोणते दिवस निव्वळ बसमध्ये जाणार, हे नकाशावर अंतरे मांडून तुम्हालाच काढता येईल. गटाबरोबर जायचेच झाले तर दोन किंवा तीन देशांचा कार्यक्रम मागावा. तसेही कार्यक्रम असतात, फक्त जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आठ देशच दिसतात.

जुळे सोलापूर

मला आईंविषयी लिहायचे आहे. ल्युसर्नला मुक्काम ठेवल्यास जवळचे डोंगर त्यांना पायऱ्या न चढता पाहता येतील. रीगी पर्वतावर दातेरी रुळांवरून आगगाडी जाते, ती 1871 पासून सुरू आहे आणि वर सुमारे 1,800 मीटरवर मोकळे गवत, बाके आणि खाली तळे असे दृश्य आहे. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये (स्वित्झर्लंडभर फिरण्याचा एकत्रित पास) ही गाडी आणि तळ्यावरच्या बोटी पूर्णपणे येतात. शिवाय पालकांच्या पासबरोबर 16 वर्षांखालील मुलांचे कार्ड मोफत मिळते, म्हणजे तुम्हाला तिघांचेच पास लागतील. बर्फच हवा असेल तर टिटलिस 3,020 मीटर आणि युंगफ्राउयोख 3,454 मीटर उंचीवर आहे. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. टिटलिसवर तुम्हा दोघांपैकी एकजण मुलांना घेऊन जाऊ शकतो आणि त्या दिवशी आई दुसऱ्याबरोबर तळ्याकाठी बसू शकतात. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे, हा हट्ट आपल्याकडे जरा जास्तच असतो.

व्हेनिसमध्ये बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, तेव्हा मुक्काम बोटीच्या थांब्यालगत घ्यावा.

खाण्यासाठी स्वयंपाकघर असलेली सदनिका पाहावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बिनदिक्कत न्यावी, पण पेढे, खवा, तूप असे दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. कडक भाकरी कपड्यांच्या मध्ये न ठेवता स्टीलच्या चपट्या डब्यात उभी लावावी, नाहीतर पॅरिसमध्ये चुरा खावा लागतो. पाणी विकत घेण्याची गरज नाही. रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचे पाणी पिण्याचेच असते.

चाटी गल्ली

सर्वांचे मनापासून आभार. होटगी रोडच्या काकांची रीत वापरून कार्यक्रमपत्रिका पुन्हा वाचली आणि ब्रसेल्स व कोलोनसमोर ‘दर्शन’च लिहिलेले आढळले. आता बेत असा आहे : 21 मेला पॅरिस, तिथे 4 रात्री, ल्युसर्नला 5, व्हेनिसला 2, रोमला 4 आणि 5 जूनला परत. मुलीची समजूत रीगीवरच्या रानफुलांवर काढली आहे. व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे करायचा की स्वित्झर्लंडकडे? सोय कोणती?

रेल्वे लाईन्स

दोन्हींकडे नाही, इटलीकडे. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि व्हेनिस व रोम मिळून तुमच्या इटलीतल्या 6 रात्री होतात. पहिल्या प्रवेशाचा देश तेव्हाच पाहतात, जेव्हा मुक्काम सारखे असतात. म्हणजे ल्युसर्नची एक रात्र वाढवून रोमची कमी केलीत तर अर्जाचा देश बदलून स्वित्झर्लंड होईल. म्हणून रात्री आधी पक्क्या करा, मग अर्ज देण्याची वेळ घ्या.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून स्वीकारतात, तेव्हा तुमच्यासाठी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून दार उघडते. मेच्या गर्दीचा विचार करता फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नये. प्रौढांचे शुल्क 90 युरो आहे, 6 ते 11 वर्षांच्या मुलांचे 45, म्हणजे मुलीला पूर्ण आणि मुलाला निम्मे. मुलाला बोटांचे ठसे द्यावे लागणार नाहीत. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि पारपत्राची मुदत परतीनंतर तीन महिने तरी शिल्लक हवी. आयकर विवरणपत्रे आणि दुकानाची जीएसटी नोंदणी जोडावी. सोलापुरात अर्ज देण्याची सोय नाही, पण पुण्याची वेळ दुपारची मिळाली तर सकाळच्या वंदे भारतने जाऊन संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परत येता येते. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारीच हॉटेले आरक्षित ठेवा.