चित्रं-गोष्टी दाखवून माणसं बदलतात, की नुसत्या टाळ्या मिळतात?

शनवारातला:
गणपतीतले जिवंत देखावे बघत मोठा झालोय. हुंडा, व्यसनमुक्ती, पाणी वाचवा, सगळे विषय होऊन गेले. गर्दी डोळे पुसते, टाळ्या वाजवते आणि पुढच्या चौकात कणसाचं बुरकुंड रस्त्यावर टाकते. आता हेच खूळ कारखान्यांत आलंय. आमच्याकडे भोसरीत सल्लागारांनी भिंतभर चित्र काढून घेतलं: नदी, नदीत होडी, होडीत आम्ही सगळे आणि पैलतीरावर 'नवी कार्यपद्धती'. शिफ्टचं नवं वेळापत्रक मात्र त्याआधीच ठरलेलं होतं. निर्णय झाल्यावर सांगितलेली गोष्ट म्हणजे जाहिरात. त्यापेक्षा सरळ नोटीस लावा.

कोथरूडची काकू:
देखाव्यांचा राग सगळ्या चित्रांवर काढू नका. पुण्यातल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी २०१७ मध्ये लाल ठिपक्याची मोहीम काढली. वापरलेला पॅड कागदात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा, एवढंच. नाहीतर कचरा वेगळा करताना त्या पुड्या हातानं उघडल्या जातात. आमच्या इमारतीत आधी पत्रकं वाटली होती, ती रद्दीत गेली. मग वेचक ताईंनी जिन्यात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेव्हा बायकाच काय, पुरुषही खाली मान घालून ऐकत होते.

शनवारातला:
मग हे श्रेय ताईंचं. ठिपक्याचं काय त्यात?

कोथरूडची काकू:
पुडी बांधताना ताई समोर नसतात हो. तेव्हा ठिपकाच आठवण करून देतो. आणि सकाळी कचरा हातात घेतल्यावर त्यांना न उघडता कळतं. दोघींच्या कामाचा आहे तो.

मुळशीचा पाऊस:
चित्र काढतं कोण, यावर सगळं आहे. पाणलोटाच्या कामात आम्ही गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच काढून घेतो, देवळापुढे जमिनीवर, रांगोळीनं. घरांना खडे, विहिरींना बिया. पुरुषांनी काढला की आधी देऊळ, ग्रामपंचायत, डांबरी रस्ता. बायकांनी काढला की पाणवठे, सरपणाच्या वाटा आणि नळाला पाणी न पोचणारी शेवटची वस्ती. एकदा सरपंच त्या वस्तीच्या खड्यांजवळ उभे राहिले आणि हे गावात नाहीच म्हणाले. तिथून जे भांडण पेटलं, ते कुठल्याही तयार चित्रफितीनं पेटलं नसतं. (चहा दोनदा करावा लागला.)

ओढ्याकाठचा:
आणि काढणाऱ्याला नको ते चित्रात येतच नाही. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाची संकल्पचित्रं आठवा. हिरवळ, सायकलवाले, निळंशार पाणी. मुठेचं पाणी निळं! मी पाहिलेल्या एकाही चित्रात पावसाळा नव्हता. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. या रेषा नकाशात असतात आणि नकाशा कार्यालयात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरात शिरला तेव्हा आमच्या गल्लीत कितीजणांना त्या ठाऊक होत्या? भिंतीभिंतींवर रंगवा म्हणावं त्या रेषा. पण घरांच्या किमती पडतील ना.

एचआरवाला:
धागाकर्त्यांच्या कारखान्यात कामगारांना विचारलं नाही, हे चुकलंच. पण गोष्टीला कशाला बोल लावता? सेफ्टीची पोस्टरं आम्हीही वर्षानुवर्षं लावतो, कुणी ढुंकून बघत नाही. एका सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी आमच्या एका ऑपरेटरनं सांगितलं, ड्रिल मशीनवर हातमोजा कसा ओढला गेला आणि तो थोडक्यात कसा वाचला. फाटलेला मोजा त्यानं सगळ्यांच्या हातातून फिरवला. त्यानंतर फिरत्या मशीनवर मोजे घालून कुणी उभं राहिलं नाही.

शनवारातला:
हे पटलं. पण मशीनला गार्ड बसवला का? की सगळी जबाबदारी ऐकणाऱ्यांवर?

एचआरवाला:
बसवला. खरं सांगायचं तर गार्डची मागणी आधीपासून खरेदी विभागात पडून होती. तोच मोजा प्लांट हेडच्या टेबलावर ठेवला, तेव्हा सही झाली.

शनवारातला:
बघा, म्हणजे गोष्ट वर न्यायला हवी होती आणि तुम्ही नेलीत. आमच्याकडे चित्रं वरून खालीच येतात. वर काही न्यायचं म्हटलं तर सूचनापेटी आहे. तिची किल्ली कुणाकडे असते, ते युनियनलाही माहीत नाही.