कीबोर्ड म्हणे 'आपोआप' घडतो!

जुळारी: काल कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, "कीबोर्ड कुणी घडवत नाही, तो वापरातून उत्क्रांत होतो आणि उत्तम तेच टिकतं. कॉम्प्लेक्सिटी थिअरी वाचा." वाचली, साध्या साध्या कृतींतून गुंतागुंतीच्या रचना कशा घडतात त्याचं ते शास्त्र. म्हणून हा वेगळा धागा. क्वर्टी, म्हणजे नेहमीचा इंग्रजी कीबोर्ड, टाइपरायटरवाल्या शोल्सने रचला, रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये विकायला काढला. मग क्लास निघाले, शिकलेली बोटं मिळतात म्हणून कचेऱ्यांनी तीच यंत्रं घेतली, यंत्रं वाढली म्हणून आणखी क्लास. कॉम्प्लेक्सिटीवाला अर्थतज्ज्ञ ब्रायन आर्थर म्हणतो ते एवढंच, की आधी पसरलेलं आणखी पसरतं. उत्तमाचा संबंध कुठे आला? आपला इनस्क्रिप्ट घ्या, भारतीय लिप्यांसाठीची सरकारी मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, क वर शिफ्ट की ख. मराठीत बोट बसलं की कन्नडलाही त्याच जागा. आणि वापरतं कोण? मी आणि आणखी चार जण.

फोनेटिकवाली: तीन. माझ्या भावाने सोडला. काका, वाईट असूनही क्वर्टीच टिकला ही रडकथा 1985 मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिडने सांगितली आणि 1990 मध्ये लीबोविट्झ-मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी तिच्यातली हवा काढली. ड्वोरॅक ही दुसरी इंग्रजी मांडणी सरस असल्याचे पुरावेच कच्चे निघाले. मला इंग्रजी टायपिंग येत होतं, त्याच बटणांवर उच्चाराप्रमाणे मराठी उमटायला लागली, विषय संपला. दोन महिने बोटं मोडून घ्यायची कशासाठी?

जुनं_खोड: दोघंही टाइपरायटरवर बसलेले दिसत नाही. आमच्याकडे आधी पहिली वेलांटी, मग अक्षर. अर्धा भ मारायचा, काना जोडला की पूर्ण भ. नोकरीसाठी मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा दिली तीही त्यावरच. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर घेतला. हौसेने इनस्क्रिप्ट टाकला, तर ऑपरेटर तिसऱ्या दिवशी गायब! ऐन लग्नसराईत. मुकाट्याने जुनी मांडणी टाकून घेतली. यंत्र भंगारात गेलं, त्याची मांडणी सॉफ्टवेअरमध्ये आजही जिवंत आहे. याला उत्क्रांती म्हणा नाहीतर खोड.

शुद्धलेखक: मांडण्या गेल्या खड्ड्यात. फोनेटिकवाल्यांनी 'दुसर्या' लिहून भाषेचं वाटोळं केलंय त्याचं बोला! दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात. आचार्यास दक्षिणा द्यायची, आचाऱ्यास पगार.

फोनेटिकवाली: आलेच. वरचे माझे प्रतिसाद तपासा, एक चूक दाखवा.

शुद्धलेखक: तुम्ही त्यात तो शब्दच वापरला नाहीत. हुशार आहात.

बिट_बाई: यात खरी गंमत वेगळीच आहे. 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला तंतोतंत एक, शोधायला गेलं तर एक दुसऱ्याला ओळखत नाही. आमच्या जुन्या लेखसंग्रहात निम्मे लेख सापडेनात, मी दोन रविवार घालवले. आणि हा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आहे द्राविडी भाषांतला उच्चार लिहायला! मराठीला तो भलत्याच कामाला आला.

जुनं_खोड: म्हणजे एकासाठी ठेवलं, दुसऱ्याने वापरलं. कालचा तो माणूस हेच म्हणत होता की.

जुळारी: अजिबात नाही! त्या ऱ चा अर्धा आकार असा दिसेल, हे युनिकोडवाल्यांनीच लिहून ठेवलंय. आपोआप काही झालेलं नाही.

बिट_बाई: आणि लोक ते न वाचता वर्षानुवर्षं जोडचिन्ह घालत राहिले, तेही कागदावर ठरवूनच?

जुळारी: बरं, लोकांनी केलं. मान्य. करून काय मिळवलं, तुमचे दोन रविवार! इनस्क्रिप्टवर र च्या बटणावर शिफ्ट, मग हलन्त, मग य. झालं.

शुद्धलेखक: हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर मी बोललोच नसतो.

फोनेटिकवाली: तुम्ही? बोलला नसतात? असो. काका, भावाच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. दुसऱ्या. दऱ्या. आचाऱ्यास. येतंय खरं. आता इंग्रजीवर परत कसं जायचं तेवढं सांगा, पासवर्ड टाकायचाय.