मदत हवी आहे : गॉर्डन रामसेचा राग खरा की कॅमेऱ्यापुरता?

मंडळी, भाचा बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जायचं म्हणतोय आणि सध्या त्याचा देव म्हणजे टीव्हीवर गाजलेला ब्रिटिश शेफ गॉर्डन रामसे. ताईचं म्हणणं, 'हेल्स किचन' या शेफ लोकांच्या टीव्ही स्पर्धेत स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले) जरा कच्चे राहिले की समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस, त्याचा कसला आदर्श? भाचा ऐकवतो, लंडनच्या चेल्सीतल्या त्याच्या रेस्टॉरंटला २००१ पासून ३ मिशलिन स्टार (रेस्टॉरंटला मिळणारा सर्वोच्च दर्जा) आहेत, ते काय उगाच?

मला दोघांचंही पटतं. डबघाईला आलेली रेस्टॉरंट्स तो सावरतो त्या 'किचन नाइटमेअर्स'चे २००४ पासूनचे ब्रिटिश भाग बघा. तिथेही शिव्या आहेतच, पण फ्रीज उघडून सडका माल दाखवतो, मेनू छोटा करायला लावतो, मालकाला बाजूला घेऊन नीट समजावतो. अमेरिकन भागांत नुसतं ढॅणढॅण संगीत आणि आरडाओरडा. आणि 'मास्टरशेफ ज्युनियर'मध्ये पोरांशी हाच माणूस किती मायेनं बोलतो!

तर इथे किंवा परदेशात हॉटेलच्या किचनमध्ये काम केलेल्यांनी प्लीज सांगा, ऐन गर्दीच्या वेळी खरंच असं ओरडतात का? नवख्या पोरानं किती ऐकून घ्यायचं? आणि ताईला दाखवायला एखादा कमी शिव्यांचा भाग सुचवा, आजीही टीव्हीसमोर असते.